स्टॉकहोम : गाइडबाईंच्या छत्रीमागे

परदेश पाहण्याची आमची ऐपत नाही. उर्दू माध्यमाच्या शाळेतल्या शिक्षकाचा पगार आणि युरोपातल्या एका वेळच्या जेवणाचे बिल यांचा मेळ बसत नाही. पण आमची आपा आणि दुल्हाभाई कामानिमित्त स्टॉकहोमला राहतात. २०२५ च्या उन्हाळी सुट्टीत त्यांनी आम्हा दोघा मियाँ-बीवीची विमानाची तिकिटेच काढून पाठवली. नाही म्हणायला जागा ठेवली नाही.

रत्नागिरीत मोहल्ल्यात ही बातमी फिरली. लोक थंडीबद्दल विचारतील, हलाल मटणाबद्दल विचारतील, अशी आमची अटकळ होती. पण मशिदीच्या ओट्यावर बसलेले एक बुजुर्ग एवढेच म्हणाले, "सर, दुनियेत दुसरं शहर सापडलं नाही तुम्हाला?"

त्यांचा रोख आम्हाला कळला. २८ जून २०२३. बकरी ईदचा दिवस. स्टॉकहोमच्या मोठ्या मशिदीसमोर एका माणसाने कुरआन शरीफ जाळले. तेही पोलिसांच्या परवानगीने आणि त्यांच्याच बंदोबस्तात. आपल्याकडेही मोबाइलवर ती चित्रफीत घराघरात फिरली होती. आमच्या सातवीच्या वर्गात एका मुलाने विचारले होते, "सर, पोलीस उभे होते तर त्यांनी थांबवलं का नाही?" ओट्यावरच्या बुजुर्गांना आम्ही उत्तर दिले नाही. बॅगेत चटण्या, लोणची, आपासाठी उकडे तांदूळ आणि मनात हा सवाल, असे सगळे घेऊन आम्ही निघालो.

आपाने आमच्यासाठी गाइडसह शहरदर्शनाची सहल ठरवली होती. साधारण चार तासांची. नगर सभागृह, जुने शहर, दक्षिणेकडचे बेट आणि शेवटी वासा नावाच्या जहाजाचे संग्रहालय. आम्हाला अशा सहलींची फारशी हौस नाही. गाइड म्हटला की आपल्याला आग्र्याचा गाइड आठवतो. पाच मिनिटांत ताजमहाल आणि पंचवीस मिनिटे संगमरवराचे दुकान. पण नगर सभागृहाच्या आत गाइडशिवाय प्रवेशच नाही, असे आपाने सांगितले. मग इलाज नव्हता.

आमच्या गाइडबाई साठीच्या असाव्यात. हातात मिटलेली पिवळी छत्री. ती उंच धरून त्या पुढे चालत आणि आम्ही पंचवीस-तीस माणसे वर्गातल्या मुलांसारखी मागे. कोण स्पेनचे, कोण कोरियाचे, एक जोडपे ब्राझीलचे. बाईंनी प्रत्येकाला देश विचारला. बी.एड. ला आम्हाला एक सूत्र घोकायला लावले होते : ज्ञाताकडून अज्ञाताकडे. बाईंनी बी.एड. केले होते की नाही, खुदा जाणे, पण सूत्र त्यांना पक्के ठाऊक होते. शहर चौदा बेटांवर वसले आहे हे सांगताना त्या आम्हाला म्हणाल्या, "तुमची मुंबई सात बेटांची ना? तिथे मधला समुद्र भरून काढला. आम्ही पूल बांधले." आम्ही दोघे एकदम सावरून बसलो.

नगर सभागृह पाण्याच्या कडेला आहे. लाल विटांची भव्य इमारत, १०६ मीटर उंच मनोरा आणि त्यावर तीन सोनेरी मुकुट. राग्नार ओस्टबेरी या वास्तुविशारदाने ती उभारली. १९११ ला काम सुरू झाले आणि १९२३ च्या जूनमध्ये उद्घाटन झाले. सुमारे ऐंशी लाख विटा लागल्या. आत गेल्यावर पहिला जो प्रचंड दिवाणखाना लागतो त्याचे नाव 'निळा दिवाणखाना'. आम्ही वर पाहिले, खाली पाहिले, निळे काही दिसेना. बाई हसल्या. म्हणाल्या, भिंती निळ्या करायच्या असे ठरले होते, नावही जाहीर झाले होते. पण कच्च्या विटांचा रंग उजेडात पाहिल्यावर ओस्टबेरीचे मन बदलले. त्याने भिंती तशाच ठेवल्या. नाव मात्र राहून गेले. पत्नी कानाशी लागून म्हणाली, "आपल्या शाळेतल्या संगणक कक्षासारखं." त्या कक्षात सध्या पोषण आहाराच्या तांदळाची पोती असतात.

दरवर्षी १० डिसेंबरला नोबेल पारितोषिकाची मेजवानी याच दिवाणखान्यात होते. १९७४ पासून इथे. त्याआधी ती वरच्या सोनेरी दिवाणखान्यात होत असे. सुमारे १,३०० पाहुणे बसतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला टेबलाची ६० सेंटिमीटर जागा येते. आमच्या मुलांना बाकावर त्याहून कमी मिळते, पण ते असो. बाई दगडी जिन्याची गोष्ट सांगत होत्या : पायऱ्या ठरवताना ओस्टबेरीने म्हणे आपल्या पत्नीला लांब झग्यात चढ-उतार करायला लावली, म्हणजे मेजवानीला येणाऱ्या बायकांचे पाय अडखळू नयेत. सगळे त्या पायऱ्यांचे फोटो काढू लागले.

आम्ही मात्र दुसरेच काही पाहत होतो. १९७९ च्या डिसेंबरात याच दिवाणखान्यात डॉ. अब्दुस सलाम आले होते. अचकन, डोक्यावर पगडी, पायात वळलेल्या टोकाचे पंजाबी जोडे. भौतिकशास्त्राचे नोबेल त्यांना ग्लॅशो आणि वाइनबर्ग या दोघांबरोबर विभागून मिळाले होते. मेजवानीच्या भाषणात आभार मानताना त्यांनी एक गोष्ट आवर्जून नमूद केली : आपल्याला आपल्या भाषेत, उर्दूत, संबोधण्याचे सौजन्य इथे दाखवले गेले. आणि मग एक वाक्य ते स्वतः उर्दूत बोलले. पुढे त्यांनी कुरआनातल्या सूरह मुल्कचा हवाला दिला. रहमानच्या निर्मितीत तुला कुठे खोट दिसते का, पुन्हा नजर टाकून पाहा, असे सांगणाऱ्या त्या आयती. शास्त्रज्ञाचा ईमान हाच, जितके खोल पाहावे तितके नवल वाढत जाते, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

सलाम कोणत्या जमातीचे होते आणि त्यांच्या मुल्काने त्यांच्याशी काय केले, हे वाचकांना ठाऊक आहे. १९७४ साली पाकिस्तानने घटनादुरुस्ती करून त्या जमातीला इस्लामबाहेर ठरवले. १९९६ मध्ये ते गेले, तेव्हा कबरीच्या दगडावर त्यांना पहिले मुस्लिम नोबेलविजेते म्हटले होते. त्यातला 'मुस्लिम' हा शब्द नंतर पुसला गेला. अकिद्याचा वाद घालण्याची ही जागा नाही आणि आमचा तो अधिकारही नाही. आम्हाला त्या विटांखाली उभे राहून एवढेच वाटत होते की, ज्या जबानीत आम्ही रोज 'अलिफ से अनार' शिकवतो, जिच्या शाळेत मूल घालावे की नाही याबद्दल आमचेच नातेवाईक दहा वेळा विचार करतात, ती इथे उच्चारली गेली आहे. आणि परक्यांनी ती आदराने उच्चारली आहे. आम्ही बाईंना हे सांगितले. त्यांना ते माहीत नव्हते. त्यांनी पर्समधून छोटी वही काढली आणि 'सलाम, १९७९, उर्दू' असे लिहून घेतले. उर्दूचे स्पेलिंगही विचारले.

सोनेरी दिवाणखान्यात डोळे दिपतात. आयनार फोर्सेत या तरुण कलावंताने काचेचे आणि सोन्याचे एक कोटी ऐंशी लाखांवर तुकडे बसवून भिंती मढवल्या आहेत. समोरच्या भिंतीवर मेलारन सरोवराची राणी बसली आहे : मोठाले डोळे, सापांसारखे केस. तिच्या एका बाजूला पश्चिमेची दुनिया, दुसऱ्या बाजूला पूर्वेची. पूर्वेकडे हत्ती आहे आणि तुर्कांचा चाँदतारा आहे. राणीचे रूप पाहून त्या काळी लोकांनी खूप नाके मुरडली होती, असे बाई म्हणाल्या. मग त्यांनी छत्री वर करून छताजवळची एक आकृती दाखवली. घोड्यावर बसलेला संत एरिक, या शहराचा रक्षक. त्याला डोकेच नाही! मोजमाप चुकले आणि डोके छतात गेले. "आम्ही ते दुरुस्त केले नाही," बाई म्हणाल्या, "तसेही त्या बिचाऱ्याचे डोके उडवलेच होते."

इथे प्रथम आमच्या ध्यानात आले की या बाई आपल्या शहराची फजिती मिटक्या मारत सांगतात.

जुन्या शहरात, गाम्ला स्तानमध्ये, पाय फार दुखले. गोट्यांसारख्या दगडांचे रस्ते आणि अरुंद बोळ. एक बोळ तर ९० सेंटिमीटरचा, आमच्या मिरकरवाड्यात शोभून दिसला असता. मधल्या चौकात रंगीत घरांसमोर सगळे आइस्क्रीम खात होते. बाईंनी आम्हाला तिथेच उभे केले आणि सांगितले की १५२० च्या नोव्हेंबरात इथे रक्ताचे पाट वाहिले. डेन्मार्कचा राजा ख्रिश्चन दुसरा याने स्वीडनचा मुकुट घेतला, सरदारांना माफीचे वचन दिले, मेजवानीला बोलावले, दरवाजे बंद केले आणि दोन दिवसांत ऐंशीवर माणसे या चौकात मारली. त्यात बिशप होते, सरदार होते, साधे नागरिक होते. आपल्याकडच्या एखाद्या किल्ल्याची गोष्ट वाटावी, इतकी ओळखीची. आइस्क्रीमवाल्याच्या रांगेत मात्र काही फरक पडला नाही.

मग बस सोडरमाल्म या दक्षिणेच्या बेटावर निघाली. एका चौकाच्या कडेने वळताना बाईंनी माइकवरून नाव सांगितले, मेडबोरयारप्लात्सेन. अर्थ, नागरिकांचा चौक. आणि त्याच दमात उजवीकडची पिवळसर विटांची, उंच खिडक्यांची इमारत दाखवून म्हणाल्या, "हे १९०३ चे वीजकेंद्र. फर्डिनांड बूबेरी यांनी बांधले. अंदालूसच्या मुस्लिम वास्तुकलेचा त्यांच्यावर प्रभाव होता. २००० सालापासून इथे शहराची मोठी मशीद आहे."

बस पुढे गेली. आम्ही मान वळवून पाहत राहिलो. मनोऱ्यावर चाँद दिसला, दारात एक म्हातारा चपला घालत होता. एवढेच. बाई पुढच्या चर्चबद्दल बोलू लागल्या होत्या. पत्नीने ओढणी सारखी केली आणि माझ्याकडे पाहिले. आमच्या मनात एकच होते : डोके नसलेल्या संताची गोष्ट सांगितली, पाचशे वर्षांपूर्वीच्या कत्तलीची सांगितली, मग दोन वर्षांपूर्वीची का नाही?

फ्येलगाटान या उंच कड्यावर बस थांबली. खाली खाडीसारखे पाणी, पलीकडे जुने शहर, उजवीकडे झाडीतले बेट. बाईंनी छत्रीने पाण्यातली एक जागा दाखवली. "तिथे आमचे जहाज बुडाले. चला, आता तेच पाहू."

वासाबद्दल जरा सविस्तर लिहायला हवे, कारण असे संग्रहालय आम्ही कुठे पाहिले नाही. हे जहाज १० ऑगस्ट १६२८ ला निघाले. आपल्याकडे त्याच वर्षी शाहजहान आग्र्याच्या तख्तावर बसला होता आणि शिवाजी महाराजांच्या जन्माला अजून दोन वर्षे होती. राजा गुस्ताव अडॉल्फ पोलंडशी लढत होता. त्याला दोन मजल्यांवर तोफा असलेले, धाक बसेल असे जहाज हवे होते. ६९ मीटर लांब, ६४ तोफा, शेकडो कोरीव पुतळे. सिंह, रोमन बादशहा, झुकलेले पोलिश सरदार. काठावर गर्दी जमली, सलामीच्या तोफा झडल्या. जहाज जेमतेम १,३०० मीटर गेले. वाऱ्याचा एक झोत आला, जहाज कलले, खालच्या तोफांच्या उघड्या झरोक्यांतून पाणी शिरले आणि शहराच्या डोळ्यांदेखत ते ३२ मीटर खोल पाण्यात तळाला गेले. सुमारे तीस माणसे मेली.

आमचे ननिहाल मच्छीमारांचे. मामू तांडेल होते. वर जड आणि तळाला हलकी होडी काय करते, हे मिरकरवाड्यातले पोरही सांगेल. तळात दगड भरायला जागाच नसेल तर तांडेल खुंटाची दोरी सोडणार नाही, मग मालक कितीही ओरडो. इथल्या खलाशांनाही ते कळत होतेच. निघण्यापूर्वी धक्क्यावर चाचणी घेतली होती. तीस माणसांना डेकवर या कडेपासून त्या कडेपर्यंत पळवले. तीन फेऱ्यांतच जहाज असे डोलू लागले की, अॅडमिरलने चाचणी थांबवली. आणि जहाज तरीही निघाले. राजा दूर लढाईवर होता, पत्रावर पत्र येत होते, जहाज लवकर पाठवा. ते तरंगणार नाही, हे त्याला कोण कळवणार?

नंतर चौकशी बसली. कप्तानाला अटक झाली. दारू प्यायला होतास का? नाही. तोफा बांधलेल्या होत्या का? होत्या. जहाज बांधणारा कारागीर आदल्या वर्षीच मेला होता आणि मापे तर राजाने स्वतः मंजूर केली होती. शेवटी कुणालाच शिक्षा झाली नाही. शाळा तपासणीचा अहवाल आम्ही पाहिला आहे. 'सर्व काही समाधानकारक' या तीन शब्दांत किती गळकी छपरे मावतात ते आम्हाला माहीत आहे. त्यामुळे त्या चौकशीची कलमे वाचताना आम्हाला हसू येत होते आणि आजूबाजूचे लोक आमच्याकडे पाहत होते.

जहाज ३३३ वर्षे पाण्यात राहिले. बाल्टिक समुद्रात मीठ कमी, त्यामुळे लाकूड पोखरणारा समुद्री किडा तिथे जगत नाही. आमच्या अरबी समुद्रात एवढ्या काळात एक फळी उरली नसती. १९५६ मध्ये आंदेर्स फ्रान्सेन या माणसाने ते शोधून काढले, २४ एप्रिल १९६१ ला ते वर आले, मग सतरा वर्षे त्यावर रसायन फवारले आणि १९९० मध्ये त्याच्याभोवती हे संग्रहालय उघडले. अंधाऱ्या दालनात ते काळेभोर जहाज असे उभे आहे की, माणूस आपोआप हळू बोलतो. एखादी कौम आपल्या विजयाचे स्मारक बांधते, हे पाहिले होते. यांनी आपल्या नामुष्कीला छप्पर घातले आहे आणि तिकीट लावून जगाला बोलावले आहे.

सहल तिथेच संपायची होती. लोक बाईंचे आभार मानून पांगले. आम्ही थांबलो. पत्नीला इंग्रजी बोलायला संकोच वाटतो, पण त्या दिवशी तिनेच विचारले, "मॅडम, तुम्ही मशीद दाखवली. २०२३ च्या ईदला तिथे जे झाले ते का नाही सांगितले?"

बाईंनी छत्री खाली टेकवली. थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "जे बुडाले आणि वर काढले, त्याची गोष्ट सांगता येते. ते अजून वर आलेले नाही." आणि मग, बहुधा आमचे चेहरे पाहून, "मी त्या दिवशी घरी होते. टीव्ही बंद केला. मला लाज वाटली. पण बंदी घाला, असे मी म्हणणार नाही. तुम्हाला हे आवडणार नाही, मला माहीत आहे."

आम्हाला ते आवडले नाही. पण त्यांनी ते आमच्या तोंडावर सांगितले, हे आवडले.

परतताना दुल्हाभाईंनी बाकीचा तपशील सांगितला. या देशाने धर्मनिंदेचा कायदा १९७० मध्येच रद्द केला. २०२३ च्या फेब्रुवारीत पोलिसांनी अशा दोन अर्जांना परवानगी नाकारली होती. एप्रिलमध्ये न्यायालयाने तो नकार बेकायदा ठरवला, जूनमध्ये वरच्या न्यायालयानेही तेच म्हटले आणि त्याच महिन्यात ईदला ते घडले. शेजारच्या डेन्मार्कने डिसेंबर २०२३ मध्ये धर्मग्रंथांच्या विटंबनेला मनाई करणारा कायदा केला. स्वीडनने केला नाही. पण त्या वर्षीच्या अशा कृत्यांवरून दोघांवर द्वेष पसरवल्याचा खटला चालला. निकालाच्या काही दिवस आधी, जानेवारी २०२५ मध्ये, ज्याने ईदला पाने जाळली होती त्याचा गोळ्या घालून खून झाला. दुसऱ्याला फेब्रुवारीत न्यायालयाने दोषी ठरवले. खून झाला हे ऐकून आम्हाला बरे वाटले नाही. खुनाने कुरआनची इज्जत वाढत नाही. आपल्याकडे १९२७ पासून कलम २९५-अ होते, आता न्याय संहितेत २९९ आहे. म्हणून आपल्याकडे कुणाची मने दुखावली जात नाहीत, असे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणावे? तरीही मशिदीच्या दारात, ईदच्या दिवशी, आत नमाजी असताना त्यांच्या किताबाला आग लावणे याला मोकळे बोलणे म्हणायला आमचे मन तयार नाही. ते घराच्या उंबऱ्यावर येऊन आईला शिवी देणे आहे.

दुल्हाभाईंनी सांगितलेली एक हकीकत मात्र आम्ही वहीत लिहून ठेवली आहे. त्याच वर्षी १५ जुलैला सीरियातून आलेल्या एका मुस्लिम तरुणाने इस्रायलच्या वकिलातीबाहेर तौरात आणि इंजील जाळण्याची रीतसर परवानगी मिळवली. पत्रकार जमले, कॅमेरे जमले. तो आला, खिशातला लायटर काढून जमिनीवर टाकला आणि म्हणाला, मी काहीच जाळणार नाही, कुठलीच पवित्र किताब कुणी जाळू नये, हेच सांगायचे होते. वर्तमानपत्रांत ही बातमी आली होती, पण आमच्या मोहल्ल्यात तिची चित्रफीत कुणाच्या मोबाइलवर आली नाही.

सहलीनंतर आठवडाभराने, ६ जूनला, तिथे बकरी ईद झाली. शुक्रवार होता आणि योगायोगाने स्वीडनचा राष्ट्रीय दिनही तोच. बसगाड्यांवर निळे-पिवळे छोटे झेंडे लावले होते. आम्ही त्याच मशिदीत नमाजला गेलो. आत वीजकेंद्राचे उंच छत, सोमाली, बोस्नियन, अरब, तुर्क, बंगाली. खुतबा आधी अरबीत, मग स्वीडिशमध्ये. शेजारच्या अनोळखी माणसाने गळाभेट घेतली आणि आमचा चेहरा पाहून चक्क उर्दूत म्हणाला, "ईद मुबारक, भाईजान."

नमाजनंतर बाहेरच्या मोकळ्या जागेत उभे राहिलो. जिथे ते घडले तिथे कसलीच खूण नाही. नव्या कपड्यांतली मुले पळत होती, दोन पोलीस कॉफी पीत होते. तेवढ्यात चौकाच्या कडेने पर्यटकांची बस वळली. वेग कमी झाला, काचेमागे माना आमच्या दिशेने फिरल्या, कुणी मोबाइल वर केले. पुढे उभी असलेली गाइड माइकमध्ये बोलत होती. काच बंद होती. ती काय सांगत होती ते ऐकू आले नाही.